प्रोजेक्टाइल मोशन पहिल्यांदाच शिकताय? पायरी पायरीने कसं सोडवायचं आणि कुठे पाय घसरतो

प्रोजेक्टाइल मोशनचा, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचा, धडा उघडला की सुरुवातीलाच पाच-सहा सूत्रं समोर येतात आणि जवळपास सगळे आधी तीच पाठ करायला बसतात. हवेतल्या वेळाचं एक, उंचीचं एक, पल्ल्याचं (वस्तू आडवी किती लांब पडते त्याचं) एक. मग गणितात चेंडू जमिनीऐवजी गच्चीवरून फेकला की सगळं गडबडतं, कारण पाठ केलेलं सूत्र तिथे लागूच होत नसतं. मी आजवर ज्यांना ज्यांना हा धडा समजावलाय त्यांच्या अडखळायच्या जागा अगदी त्याच त्या निघतात, म्हणून एकदाच क्रमाने लिहून ठेवतोय.

मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, बाकी सगळं तिच्यातूनच येतं: इथे दोन सोपी गणितं एकाच वेळी चालू असतात, एक आडवं आणि एक उभं, आणि दोघांत कॉमन काय तर फक्त वेळ. आडव्याला उभ्याची खबर नसते, उभ्याला आडव्याची नसते.

सुरू करायच्या आधी हाताशी काय हवं

- गतीची तीन समीकरणं (निदान पहिली दोन तरी झोपेत विचारली तरी यायला हवीत)
- साइन, कोस, टॅन म्हणजे काय, आणि ३०, ४५, ६० अंशांच्या किमती
- वर्गसमीकरण सोडवता येणं, हे पायरी ७ ला लागेल
- आलेख कागद, पट्टी, पेन्सिल
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर, आणि तो डिग्री मोडमध्ये आहे का ते आत्ताच बघा

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त बोलतो. कॅल्क्युलेटरवर साइन ३० दाबलं की ०.५ यायला हवं. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियन मोडमध्ये आहे (रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक). उणे आलं तर निदान शंका तरी येते, पण काही कोनांना उत्तर अधिक येतं, वरवर ठीकठाक दिसतं आणि पूर्ण गणित चुकतं. त्यामुळे प्रत्येक वेळी बसलात की आधी साइन ३० दाबून बघायची सवय लावा, दोन सेकंद लागतात.

पायरी १: हे खरंच प्रोजेक्टाइल आहे का ते बघा

हातातून किंवा बॅटवरून सुटल्यानंतर ज्या वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षण काम करतंय ती प्रोजेक्टाइल. फेकलेला दगड, मारलेला चेंडू, नळीतून उडणारी पाण्याची धार, उडी मारलेला माणूस, सगळे यात येतात. इंजिन चालू असलेलं रॉकेट नाही, उडणारा पक्षी नाही.

इथेच पहिला सापळा आहे. बऱ्याच जणांना वाटतं की फेकल्याचा जोर चेंडूबरोबर जातो आणि तो जोर संपला की चेंडू खाली येतो. असा कुठलाही जोर बरोबर जात नाही! हात सुटला, हाताचा बल संपला. चेंडूकडे उरतो तो वेग. वर जाताना, सगळ्यात वर असताना आणि खाली येताना, तिन्ही वेळी त्याच्यावर एकच बल असतं, खालच्या दिशेने, आणि त्वरणही एकच असतं, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, तेही खालीच. आकृतीत चेंडूवर बलं दाखवायला सांगितली की पुढच्या दिशेला एक बाण काढायचा मोह होतो, तो आवरा.

पायरी २: अक्ष आणि चिन्हं ठरवा, आणि मग बदलू नका

जिथून फेकलं तो बिंदू शून्य. उजवीकडे अधिक, वर अधिक. म्हणजे आडवं त्वरण शून्य आणि उभं त्वरण उणे जी (जी म्हणजे वर आलेलं गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ९.८). खाली अधिक धरलं तरी उत्तर तेच येतं, पण अर्धं गणित वर अधिक धरून आणि अर्धं खाली अधिक धरून केलं की मग देवच वाचवो. वहीत कोपऱ्यात छोटा बाण काढून ठेवा.

जी ९.८ घ्यायचा की १०, हे प्रश्नात दिलेलं असतं. नसेल तर ९.८ घ्या. मी खाली १० घेतोय म्हणजे आकडे नीट दिसतील.

पायरी ३: वेगाचे दोन तुकडे करा

सुरुवातीचा वेग यू आणि तो क्षितिजाशी थीटा कोन करतोय, तर:

आडवा वेग = यू × कोस थीटा
उभा वेग = यू × साइन थीटा

आडव्याला कोस आणि उभ्याला साइन हे डोळे झाकून पाठ करू नका, कारण प्रश्नात कधीकधी कोन उभ्या रेषेशी दिलेला असतो आणि मग ते उलटं होतं. काटकोन त्रिकोण काढा, कोनाला चिकटलेली बाजू ती कोसवाली, समोरची ती साइनवाली, एवढं बघितलं की कधीच चुकत नाही.

उदाहरण घेऊ. चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने, क्षितिजाशी ३० अंशात मारलाय. आडवा वेग २० × ०.८६६ = १७.३२, उभा वेग २० × ०.५ = १०. दोन तुकड्यांची बेरीज २७.३२ येते, २० नाही, आणि हे बघून काही जण घाबरतात. हे तुकडे काटकोनात आहेत, त्यामुळे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. ३०० अधिक १०० म्हणजे ४००, वर्गमूळ २०. बरोबर.

पायरी ४: वहीच्या पानाचे दोन रकाने करा

ही पायरी सगळ्यात साधी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. पानाच्या मध्यात उभी रेघ मारा. डावीकडे आडवं, उजवीकडे उभं.

डावीकडे: वेग १७.३२, त्वरण ०. म्हणजे अंतर = १७.३२ × वेळ. संपलं, डाव्या रकान्यात एवढंच असतं.

उजवीकडे: सुरुवातीचा वेग १०, त्वरण उणे १०. म्हणजे वेग = १० − १० × वेळ, आणि उंची = १० × वेळ − ५ × वेळाचा वर्ग.

आता नियम एकच, डावीकडचा आकडा उजवीकडच्या समीकरणात घालायचा नाही आणि उजवीकडचा डावीकडे नाही. रेघ ओलांडायची परवानगी फक्त वेळेला. उभ्या समीकरणात पूर्ण २० टाकणारे किंवा आडव्यात जी टाकणारे लोक हमखास रकाने न करणारेच असतात.

पायरी ५: वेळ, उंची, पल्ला काढा

सगळ्यात वर पोचल्यावर उभा वेग शून्य होतो. १० − १० × वेळ = ०, म्हणजे १ सेकंद. चढायला जेवढा वेळ तेवढाच उतरायला (परत त्याच पातळीला येत असेल तरच!), म्हणून हवेतला एकूण वेळ २ सेकंद. एक सेकंदाला उंची १० − ५ = ५ मीटर, ही कमाल उंची. आणि आता वेळ घेऊन रेघ ओलांडा, १७.३२ × २ = ३४.६४ मीटर, हा पल्ला.

पुस्तकातली सूत्रं हीच आहेत, फक्त अक्षरांत:

हवेतला वेळ = २ × उभा वेग ÷ जी
कमाल उंची = उभ्या वेगाचा वर्ग ÷ (२ × जी)
पल्ला = आडवा वेग × हवेतला वेळ

शेवटच्यात यू कोस थीटा आणि यू साइन थीटा भरलं की यू वर्ग साइन दोन थीटा भागिले जी मिळतं. ते पाठ केलं तरी चालेल, पण ते कुठून आलं ते पाहिजे तेव्हा तीन ओळीत काढता आलं पाहिजे.

उत्तर तपासायला एक मस्त नातं आहे, पल्ला × टॅन थीटा = ४ × कमाल उंची. आपल्या गणितात ३४.६४ × ०.५७७ म्हणजे जवळपास २०, आणि ४ × ५ पण २०. जुळलं. परीक्षेत शेवटची दोन मिनिटं उरली असतील तर एवढं बघून घ्या.

आणि हो, सगळ्यात वर चेंडूचा वेग शून्य असतो का? नाही. फक्त उभा तुकडा शून्य असतो, आडवे १७.३२ तसेच चालू असतात. चेंडू तिथे क्षणभर थांबला असता तर सरळ खाली पडला असता. हा प्रश्न एक मार्काला इतक्या वेळा येतो आणि इतके जण शून्य लिहून येतात की आता नवल वाटत नाही.

पायरी ६: एकदा तरी आलेख काढा

कंटाळा येतो मान्य आहे, तरी काढा. वरच्याच गणितात दर अर्ध्या सेकंदाला चेंडू कुठे आहे ते असं येतं:

- ० सेकंद: आडवं ०, उंची ०
- ०.५ सेकंद: आडवं ८.६६, उंची ३.७५
- १ सेकंद: आडवं १७.३२, उंची ५
- १.५ सेकंद: आडवं २५.९८, उंची ३.७५
- २ सेकंद: आडवं ३४.६४, उंची ०

आडवे टप्पे सगळे सारखे आहेत. उभे बघा, पहिल्या अर्ध्या सेकंदात ३.७५ चढला आणि पुढच्या अर्ध्यात फक्त १.२५. बिंदू जोडले की जो वक्र येतो तो पॅराबोला, आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखा. चढताना आणि उतरताना एकाच उंचीवर चालही तीच असते.

हा वक्र पॅराबोला असतो हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात सिद्ध करून दाखवलं, आणि त्याची युक्ती हीच होती, आडवी एकसमान गती वेगळी, उभी त्वरणाची गती वेगळी. त्याआधीच्या तोफखान्याच्या चित्रांत गोळा सरळ तिरपा वर जातो, मग थोडा वळतो आणि मग सरळ खाली पडतो असं दाखवलेलं सापडतं. वर्गात न शिकवता कुणालाही चेंडूचा मार्ग काढायला सांगा, बरेच जण आजही तसंच काढतात. ते लोक अगदीच मूर्ख नव्हते म्हणा, कारण हवेचा विरोध जास्त असला की मार्ग खरोखरच तसा दिसतो. बॅडमिंटनचं शटल बघा, लांब जातं आणि शेवटी जवळजवळ सरळ खाली येतं. आपल्या धड्यात मात्र हवा नाहीच असं धरलेलं असतं. जड, लहान आणि फार वेगात नसलेल्या वस्तूला ते चालून जातं.

पायरी ७: फेकायची आणि पडायची पातळी वेगळी असेल तर

खरी परीक्षा इथे असते. पाठांतरवाले इथेच पडतात, कारण वरची वेळेची आणि पल्ल्याची सूत्रं फक्त फेकलेल्याच पातळीला परत येणाऱ्या वस्तूसाठी आहेत. दोन प्रकार येतात.

*सरळ आडवं फेकलं.* २० मीटर उंच कड्यावरून १५ मीटर प्रति सेकंदाने आडवा दगड. सुरुवातीचा उभा वेग शून्य (१५ नाही!). उजव्या रकान्यात २० = ५ × वेळ वर्ग, म्हणजे २ सेकंद. डावीकडे १५ × २ = ३० मीटर. जमिनीला लागताना उभा वेग २०, आडवा १५, एकूण २५, आणि क्षितिजाखाली साधारण ५३ अंशांचा कोन.

या २ सेकंदांत १५ कुठेही आला नाही, लक्षात आलं का? तोच दगड हातातून नुसता सोडला असता तरी २ सेकंदच लागले असते. जोरात आडवा फेकला म्हणून तो जास्त वेळ हवेत राहत नाही. टेबलाच्या कडेला दोन नाणी ठेवून पट्टीने एकाला टिचकी मारा आणि दुसरं त्याच क्षणी नुसतं खाली पडू द्या, आणि डोळे मिटून आवाज ऐका. एकच टण्ण येतो. वस्तुमानाचाही संबंध नाही, समीकरणात ते कुठे आलंय का बघा.

*उंचावरून तिरपं वर फेकलं.* आपलाच चेंडू, २० चा वेग, ३० अंश, पण आता १५ मीटर उंच गच्चीवरून. शून्य म्हणजे गच्ची, मग जमीन कुठे? उणे १५ ला. इथे अधिक १५ लिहिलं की खेळ खल्लास, कारण चेंडू फक्त ५ मीटर वर जातो, अधिक १५ ला तो कधी पोचणारच नाही आणि वर्गमुळाखाली उणे येईल. तसं आलं तर समजा चिन्ह चुकलंय.

−१५ = १० × वेळ − ५ × वेळ वर्ग
वेळ वर्ग − २ × वेळ − ३ = ०
वेळ = ३ किंवा उणे १

उणे १ टाकून द्यायचं, पण त्याला अर्थ आहे: हाच पॅराबोला मागे वाढवला तर फेकायच्या एक सेकंद आधी तो जमिनीच्या पातळीला असता. आपलं उत्तर ३ सेकंद. पल्ला १७.३२ × ३, जवळपास ५२ मीटर.

बरेच जण या गणिताचे तुकडे करतात, आधी वर गेला, मग गच्चीच्या पातळीला आला, मग खाली पडला. चुकीचं नाही, पण तीन ठिकाणी चुकायची संधी. चिन्ह नीट असेल तर वर जाणं आणि खाली येणं एकच समीकरण सांभाळतं.

जमिनीला लागताना उभा वेग १० − ३० = −२०. एकूण चाल ३०० + ४०० चं वर्गमूळ, साधारण २६.५. ज्यांचा ऊर्जेचा धडा झालाय त्यांनी यू वर्ग + २ × जी × उंची करून बघा, ४०० + ३००, तेच ७००. यात कोन नाहीये! म्हणजे गच्चीवरून त्याच वेगाने वर फेका, आडवं फेका की खाली फेका, जमिनीला लागताना चाल तीच, फक्त दिशा आणि वेळ वेगळी. मला या धड्यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

पायरी ८: कोन आणि पल्ला

२० च्याच वेगाने ३० अंशाला पल्ला ३४.६४, ६० अंशालाही ३४.६४. बेरीज ९० होणाऱ्या कोणत्याही दोन कोनांचा पल्ला सारखाच येतो, कारण साइन आणि कोस नुसती जागा बदलतात आणि गुणाकार तोच राहतो. पण ६० ला उंची १५ मीटर आणि वेळ जवळपास साडेतीन सेकंद, तर ३० ला ५ मीटर आणि २ सेकंद. पल्ला सारखा म्हणजे सगळंच सारखं असं लिहू नका. ४५ ला सगळ्यात जास्त, ४० मीटर, आणि तेव्हा पल्ला उंचीच्या बरोबर चौपट.

पण ४५ हा काही सगळीकडे चालणारा मंत्र नाही. पडायची जागा फेकायच्या जागेपेक्षा खाली असेल तर सगळ्यात चांगला कोन ४५ पेक्षा कमी होतो. गोळाफेकीत गोळा खांद्याच्या वरून सुटतो, शिवाय माणसाला कमी कोनात जास्त वेग देता येतो, म्हणून चांगले खेळाडू साधारण चाळीसच्याही खालच्या कोनात फेकतात. लांब उडीत तर वीस अंशांच्या आसपासच. भालाफेक इथे उदाहरण म्हणून घेऊ नका, भाल्यावर हवेचा परिणाम खूप असतो.

आणि जी सूत्रांत खाली, म्हणजे छेदात, आहे हे विसरू नका. चंद्रावर जी साधारण १.६२, म्हणजे तोच ३० अंशांचा चेंडू तिथे सुमारे २१४ मीटर जाईल. १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेतल्या अंतराळवीर अॅलन शेपर्डने चंद्रावर खरंच गोल्फचे चेंडू मारून बघितले होते, जाडजूड स्पेससूटमुळे एका हाताने.

पायरी ९: स्वतः करून बघा

साहित्य: काचेची गोटी, पुठ्ठ्याची किंवा वहीच्या कव्हरची घसरगुंडी, दोरा आणि छोटं वजन, कार्बन पेपर, पांढरा कागद, मोजपट्टी.

घसरगुंडीचं खालचं टोक टेबलाच्या कडेवर अगदी सपाट येईल असं चिकटवा. कडेवरून वजन बांधलेला दोरा सोडा आणि फरशीवर बरोबर त्याच्याखाली खूण करा, अंतर या खुणेपासून मोजायचंय. गोटी जिथे पडेल तिथे पांढरा कागद, वर कार्बन. प्रत्येक वेळी गोटी घसरगुंडीवरच्या त्याच खुणेवरून सोडा, ढकलू नका, नुसती सोडा. कागदावर काळ्या ठिपक्यांचा पुंजका तयार होतो, त्याचा मध्य घ्या.

टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर पडायचा वेळ ०.३९ सेकंद (इथे ९.८ घ्या). गोटी ६० सेंटिमीटरवर पडली तर कडेवरून निघतानाचा वेग साधारण १.५३ मीटर प्रति सेकंद. स्टॉपवॉच लागलंच नाही बघा.

आता फरशीवर ३० सेंटिमीटर उंच खोकं ठेवा आणि गोटी सोडायच्या आधी काढा की ती खोक्यावर कुठे पडेल. पडायची उंची ४५ उरते, वेळ ०.३०, अंतर ४६ ते ४७ सेंटिमीटर. तिथे खोक्यावर पेनने फुली मारा आणि मग सोडा. फुलीच्या सेंटिमीटरभर आसपास पडली तर झकास. दरवेळी एकाच बाजूला चुकत असेल तर आधी घसरगुंडीचं टोक बघा, ते किंचित वर किंवा खाली झुकलेलं असणार, आणि मग तुमचं गणित आडव्या फेकीचं राहिलंच नाही, ते पायरी ७ मधलं दुसरं झालं.